तीन बोटांचा पाव

खरं खाणं हॉटेलात नाही, गल्लीत मिळतं, असं बहिणीला सुनावून मी तिने वाढलेला नाश्ता सोडून बाहेर पडलो. तिच्या शहरात येऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते, पण शहाणपण उतू चाललं होतं.

कोपऱ्यावरच्या भट्टीत फळीवर गरम पाव मांडले होते. भट्टीवाला आत राख ओढत होता. तीन बोटं उमटलेला एक पाव मी उचलला, पैसे फळीवर ठेवले आणि पायरीवर बसून अर्धा फस्त केला.

भट्टीवाल्याने बाहेर येऊन कपाळावर हात मारला. "अहो, हे विकायचे नाहीत. लोक घरून पीठ मळून आणतात, मी नुसतं भाजून देतो. ही खूण समोरच्या काकूंची."

उरलेला अर्धा पाव घेऊन मी खालमानेने काकूंच्या दारात उभा राहिलो आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी पावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीठ कमी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"छे, छान आहे," मी म्हणालो.

"आमचे हे गेल्यापासून सगळे छानच म्हणतात."

मी जरा घुटमळलो. "कमी आहे. कडाही करपल्यात."

आता कुठे काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"उद्या चार बोटांचा असेल तो तुमचा," त्या म्हणाल्या. "खाल्लात की सांगायला या."