कारव्हरबाईंच्या भाषणातला रेमी

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि लोखंडी घडीची खुर्ची उघडताय. खुर्ची इतकी गारठलेली आहे की हातमोज्यातूनही बोटांना कळतंय. उघडताना मध्ये बोट सापडू नये म्हणून तिला आधी गुडघा लावायचा असतो, हे तुम्हाला आता कुणी सांगावं लागत नाही. हिवाळाभर तुम्ही गावोगावच्या हॉलांत खुर्च्याच मांडत आलाय. एवढं समजलात, तर तुम्हाला कोलेट पेल्की समजली. आता तिच्यापासून चार पावलं मागे सरकू आणि तिला बघू.

कोलेटनं खुर्ची दुसऱ्या रांगेत टेकवली आणि तिच्या शेजारी आईसाठी आणखी एक उघडली.

"पहिल्या रांगेत का नाही?" आईनं विचारलं.

"ती वर्तमानपत्रवाल्यांची आहे, लोर्ना," क्लेममामा मागून म्हणाला. त्याच्या हातात शिजवलेल्या बीन्सचं भलंमोठं पातेलं होतं. "दुसऱ्या रांगेतून कारव्हरबाईंच्या नाकातले केस दिसणार नाहीत, एवढंच काय ते नुकसान."

कोलेट हसली. आई हसली नाही. तिनं खुर्ची जराशी मधोमध सरकवली आणि बसली.

हॉल म्हणजे अग्निशमन केंद्रच होतं. दोन्ही बंब बाहेर बर्फात नेऊन उभे केले होते आणि त्यांच्या जागी खुर्च्या मांडल्या होत्या. क्लेममामा तिथला स्वयंसेवक, म्हणून चावी त्याच्याकडे. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षानं कुणाला उभं करावं, याचं मत न्यू हॅम्पशायरमध्ये सगळ्या देशाच्या आधी देतात. ते मतदान पुढच्या मंगळवारी होतं. त्यामुळे त्या दिवसांत एखादा गव्हर्नर किंवा सिनेटर गावातल्या बायकांनी केलेले बीन्स कागदी बशीतून खाताना दिसला, तर कुणी वळूनही बघत नसे.

"तू मत तरी देणार आहेस का कारव्हरबाईंना?" पातेलं टेबलावर ठेवून मामानं विचारलं.

"बघू."

"बघू काय? एवढ्या सभांना तर त्यांचा नवराही गेला नसेल."

"तू दे की."

"मी? मी बाईंशी अजून दोनदाच हात मिळवलाय. एवढ्या ओळखीवर मत देणं म्हणजे घाईच झाली."

आई हातमोजे काढून घड्या घालत बसली. मामा मग बीन्स ढवळायला लागला. बहिणीला मतदानात रस नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती कशासाठी येते, तेही ठाऊक होतं.

कोलेटचा भाऊ रेमी पंधरा वर्षांचा होता. त्याला दमा होता. एके रात्री त्याला श्वास पुरेना, आणि गावात ॲम्ब्युलन्स नव्हती. आदल्या मार्चमधल्या गावसभेत कर वाढायला नको म्हणून ती बंद करायचं ठरलं होतं. आमच्याकडे असल्या गोष्टी हात वर करून ठरतात. शेजारच्या गावची गाडी वळणावळणाच्या रस्त्यानं आली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या गावसभेत बाबांचाही हात वर होता. हे कोलेटला कुणी सांगितलं नव्हतं; ती तेव्हा त्यांच्याच शेजारी बसलेली होती.

तेव्हापासून घरात रेमीचं नाव निघत नसे. निघालं की बाबा जेवता जेवता उठायचे आणि बाहेर जाऊन बर्फ सारायच्या ट्रकपाशी उभे राहायचे. कोट न घालता. मग आईनं ते नाव घेणं सोडलं. कोलेटनंही सोडलं. शाळेत बाईंनी "घरी कोण कोण असतं?" असं विचारलं तेव्हा तिनं तीन बोटं दाखवली आणि दुपारभर तो हात खिशात ठेवला.

ऑक्टोबरमध्ये चर्चच्या तळघरात गव्हर्नर इनेझ कारव्हर यांची सभा होती. तिथे डोनट फुकट आहेत म्हणून मामा दोघींना घेऊन गेला. प्रश्नांची वेळ आली, तशी आई उठली. गाव, दमा, गाडी, एवढं बोलली आणि अडकली. कारव्हरबाई मंचावरून खाली आल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

आईनं सांगितलं. किती महिन्यांनी ते नाव तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

त्यानंतर रेमी भाषणात आला. बाई आधी शाळांबद्दल बोलायच्या, मग मजुरीबद्दल, मग घर गरम ठेवायच्या तेलाच्या भावाबद्दल. मग थांबायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी रेमी पेल्कीला कधी भेटले नाही. पण रोज सकाळी उठले की मला रेमी आठवतो." आणि सांगायच्या, की मी निवडून आले तर पहिल्याच वर्षी प्रत्येक लहान गावाला स्वतःची ॲम्ब्युलन्स मिळेल आणि खर्च वॉशिंग्टन करेल. तेलाचा भाव संपत आला की आई डोक्यावरची लोकरीची टोपी काढून मांडीवर घ्यायची. कान मोकळे व्हावेत म्हणून. बाई जितक्या वेळा रेमी म्हणत तितक्या वेळा तिची मान बारीकशी हलायची, हजेरी घेताना मास्तरीणबाईंची हलते तशी.

एकदा बाई म्हणाल्या, रेमीला बर्फावरच्या हॉकीचं वेड होतं. घरी परतताना कोलेट गाडीत फुरंगटून बसली होती.

"रेमी हॉकी कुठे खेळायचा? त्याला स्केट्स घालून धड उभंही राहता यायचं नाही."

"माहीत आहे मला."

"मग सांग ना त्यांना."

"नको," आई म्हणाली. वायपर काचेवरचा बर्फ सारत होता, तिकडे बघत ती पुढे म्हणाली, "दुरुस्त करायला गेलं की माणसं बिचकतात. मग सोडूनच देतात."

आज हॉल गच्च भरला. कारव्हरबाई आल्या. घसा बसलेला, डोळ्यांखाली काळं आलेलं, तरी हसऱ्या. टाळ्या झाल्या. बाईंनी शाळांपासून सुरुवात केली. शिक्षकांचे पगार, दुपारचं जेवण. मग मजुरी. मग तेलाचा भाव.

आईनं टोपी काढली.

बाई थांबल्या. पाण्याचा घोट घेतला.

"आज मला तुम्हाला डोलोरेसबद्दल सांगायचंय," त्या म्हणाल्या. "डोलोरेसची बेकरी आहे. पहाटे उठते, पाव भाजते, आणि वर्षाअखेरी कर भरून हातात काय उरतं, तर पीठ."

लोक हसले, टाळ्या पडल्या. डोलोरेसची गोष्ट चांगली होती. बाईंनी ती चांगली सांगितली. दोन्ही तळहात असे दाखवले की जणू त्यांनाच पीठ लागलंय. लहान धंद्यांवरचा कर कमी करू, असं त्या म्हणाल्या. मग वृद्धांची औषधं. मग घरभाडी. आई टोपी हातात धरून बसली होती. आज क्रम बदललाय, शेवटी येईल, असं तिला वाटत असावं. कारण बाई दर वेळी श्वास घ्यायला थांबल्या की ती जराशी पुढे झुकत होती.

"धन्यवाद, आणि मंगळवारी या," बाई म्हणाल्या. भाषण संपलं.

आईनं टोपी घातली. ती कानांवरून खाली ओढली.

प्रश्नांना सुरुवात झाली. क्लेममामानं हात वर केला. त्यानं आधी बहिणीकडे पाहिलं नाही.

"गव्हर्नर, मी क्लेम. या केंद्रात काम करतो, आणि ते बीन्सही माझेच. त्यात मीठ कमी असलं तर माफ करा."

"बीन्स झकास आहेत."

"ऑक्टोबरमध्ये तुम्ही ॲम्ब्युलन्सचं बोलला होतात. पहिल्याच वर्षी, असं म्हणाला होतात."

बाईंनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बोलले होते," त्या म्हणाल्या. "नंतर माझ्या माणसांनी हिशेब मांडला. कर कमी करायचे आणि हेही करायचं, तर पैसा पुरत नाही. नंतर फसवण्यापेक्षा आज तुम्हाला नाराज केलेलं बरं. आम्ही एक आयोग नेमू. तो गावोगाव फिरेल, अभ्यास करेल. त्यात तुमच्यासारखी माणसं असतील."

"इथे शेजारच्या गावची गाडी यायला पाऊण तास लागतो," मामा म्हणाला. "आयोगाला किती लागेल?"

हॉल हसला. बाईंनाही हसू आलं, खरं हसू.

"त्याहून जास्त, क्लेम. खोटं कशाला सांगू?"

पुन्हा टाळ्या पडल्या. असं सरळ उत्तर लोकांना आवडतं. मामा खाली बसला आणि बुटाच्या टोकानं जमिनीवरचा वितळलेला बर्फ पुसत राहिला.

मग नेहमीसारखी फोटोसाठी रांग लागली.

"चल, निघू या," मामा आईला म्हणाला. "रस्ता गोठायच्या आत."

पण आई रांगेत जाऊन उभी राहिली. कोलेट तिचा हात धरून उभी राहिली. रांग पुढे सरकत होती तशी आई ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. कोलेटला तुकडे ऐकू येत होते. *तुम्हाला आठवत असेल. चर्चच्या तळघरात. तुम्ही मला विचारलं होतंत.* मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यांची पाळी आली. कारव्हरबाईंनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला, अगदी ऑक्टोबरमधल्यासारखा. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"आलात, फार बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "केवढी थंडी आहे."

"हो," आई म्हणाली.

"दूरवरून आलात?"

"नाही. जवळूनच."

बाई तिच्याकडे बघत होत्या. आपुलकीनं, जशा त्या रांगेतल्या प्रत्येकाकडे बघत होत्या तशाच. आईनं तोंड उघडलं. मिटलं. मागच्या माणसानं फोन वर धरला होता, आणि शेजारी उभी असलेली कार्यकर्ती मुलगी पुढे सरका म्हणून हात करत होती. आईचा हात बाईंच्या हातांतून सुटला.

मग बाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या.

"आणि तुझं नाव काय गं?"

कोलेटनं वर आईकडे पाहिलं. आई दाराकडे बघत होती. टोपी भुवयांपर्यंत आलेली, ओठ आता हलत नव्हते. ती निघालीच होती.

"रेमी," कोलेट म्हणाली.

"रेमी," बाई म्हणाल्या. "किती गोड नाव आहे. रेमी, कितवीत आहेस तू?"

आईची बोटं कोलेटच्या हातात एकदम घट्ट झाली. रागावली की काय, ते कोलेटला कळेना, आणि वर बघायचा तिला धीर झाला नाही.

"चौथीत."

"शाळा आवडते, रेमी?"

"आवडते."

"शाब्बास. मग तुझ्या शाळेसाठी आपण पुष्कळ काही करणार आहोत. हो ना, रेमी?"

बसलेल्या घशामुळे बाईंचा आवाज खाली गेला होता. मागे कुणीतरी खुर्च्या मिटायला लागलं होतं आणि लोखंडाचे आवाज हॉलभर घुमत होते.

"मला नाही नीट ऐकू आलं," कोलेट म्हणाली. "पुन्हा सांगाल? जरा मोठ्यानं?"

आणि ती एक पाऊल बाजूला झाली, म्हणजे बाईंच्या समोर फक्त आई राहील.