बाहेरचं आवरण

"दोन दिवस झाले, जिना चढले की खालचा जबडा ओढल्यासारखा होतो," आई म्हणाली, तेव्हा तिची मुलगी एका हाताने आपल्या बाळाला मोजे चढवत होती आणि दुसऱ्या हाताने पर्समध्ये पास शोधत होती.

"दाढ असेल गं. शनिवारी दाखवून येऊ."

"त्या बाजूला दाढा उरल्यात कुठे माझ्या?" आई हसली आणि तिने नातवाला कडेवर घेतलं.

मुलगीही हसली आणि कामावर निघाली.

प्रयोगशाळेत ती धमन्यांचे काप करायची. त्याआधी धमनीवरचं बाहेरचं पातळ आवरण चिमट्याने सोलून टाकायचं, ही तिथली जुनी पद्धत. रोगाचा, चरबीचा थर साचतो आतून; सालीशी कुणाला काय घेणं? सहा वर्षं ती साल ती निमूटपणे टाकत आली होती. यंदा आलेल्या सरांनी ते बंद केलं.

"या, बघा तुमचा कचरा," सर सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाले.

तिने डोळा लावला. आत थर साचलेला, आणि नेमकं त्याच्याच पाठीमागे, बाहेरच्या आवरणात, लाल रंगवलेल्या प्रतिकारपेशींची झुंबड. हिरवे मज्जातंतू त्यांच्यात घुसलेले.

"पेशी तंतूंना डिवचतात, तंतू मेंदूला कळवतात, मेंदूचं उत्तर पुन्हा पेशींपर्यंत येतं. चांगलं गुळपीठ आहे दोघांचं."

"मग माणसाला कळत कसं नाही?"

"थर दुखत नाही ना. हृदयाला रक्त कमी पडलं की मग कळ येते, तीही छातीतच येईल असं नाही. हृदयाचे आणि जबड्याचे निरोप वर जाताना एकमेकांत मिसळतात. जिना चढलं की दुखतं, विसावलं की दुखायचं थांबतं. माणूस जातो दाताच्या डॉक्टरकडे."

तिने एक हातमोजा ओढून काढला. दुसरा निघेना. तसाच फोन लावला. तिसऱ्यांदा आईने उचलला.

"अगं, घाम फुटलाय नुसता. पण दुखायचं थांबलं बघ एकदाचं. मी जरा टेकते."

"आई, आधी दाराची कडी काढ. आत्ताच्या आत्ता."

कडीचा आवाज आला. त्यानंतर फक्त बाळाची बडबड.

सर तिला विचारून रुग्णवाहिकेला घरचा पत्ता सांगू लागले. ती प्रयोगशाळेचा जिना उतरता उतरता घराच्या इमारतीच्या ग्रुपवर लिहीत होती:

"कोणी घरी आहे का? दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल वाजवत थांबू नका, सरळ आत जा. आईकडे जरा बघा."