अकरा वाजून दोन मिनिटांचा आत्मा

विमानतळाच्या कुंपणाला लागून पत्र्याचं एक जुनं गोदाम होतं, तोच वायुबाबांचा मठ. मंगळवारी सकाळी तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. अकराच्या ठोक्याला बाबांनी डोळे मिटले, मान डोलवली, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी त्यांच्या लाकडी आसनाखालून आवाज आला. वरून खाली घसरत येणारे तीन हुंदके, एकापाठोपाठ एक. गर्दीने हात जोडले.

“ढगात हरवलेला वैमानिक आहे हा,” बाबा म्हणाले. “मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला मोकळीक असते. तासाला एकच प्रश्न. तीन हुंदके म्हणजे होकार, शांतता म्हणजे नकार.”

आता या वैमानिकाने आजवर कुणाला नकार म्हणून दिला नव्हता. गुडघा बरा होईल? हो. जावई सुधारेल? हो. इतका मनमिळाऊ माणूस जिवंतपणी नोकरीत कसा टिकला असेल, देव जाणे.

आजचा प्रश्न गर्दीतल्या एका सासूबाईंचा होता: सुनेने विमानांकडची नोकरी सोडावी का? अपघाताच्या यंत्रांना हात लावून सून घरात पीडा आणते, असं बाबांनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. आत्म्याने अर्थातच होकार दिला.

शेजारी उभी असलेली सून घड्याळाकडे बघतच राहिली. हे हुंदके तिच्या चांगल्याच ओळखीचे होते. कुंपणापलीकडे विमानं ठेवायच्या हँगरमध्ये ती तंत्रज्ञ होती. आज ती रजेवर होती, म्हणून तिचं काम तिचा सहकारी करत होता.

“आई, हे आमचं यंत्र वाजतंय,” ती कुजबुजली.

सासूबाईंनी चिमटा काढला. “गप्प बस. शुक्रवारी राजीनामा द्यायचा.”

त्या कामाच्या परवान्यासाठी सुनेने सहा वर्षं रात्रीचा दिवस केला होता, आणि आता एका फळीखालच्या आवाजापायी सगळं पाण्यात जाणार होतं.

दुपारी जेवताना तिने समजावून सांगितलं. “विमानाच्या शेपटीत डब्याएवढं यंत्र असतं. विमान पडलं की ते आपोआप रेडिओवर हाका मारतं, म्हणजे शोधणाऱ्यांना जागा कळते. ते चालतंय का, हे अधूनमधून बघावं लागतं. पण भलत्या वेळी वाजवलं तर लोक खरंच शोधायला धावतील. म्हणून नियम आहे. तास सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच वाजवायचं, तेही तीन हुंदक्यांपुरतं. आमच्या चाचण्या मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. बाबांना फक्त ती हाक पकडणारा एक रेडिओ लागतो.”

“असं तू म्हणतेस. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.”

“मग बाबांचं कसं ऐकलंस, आई?” नवरा मध्येच बोलला. दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्याने जेवू लागला.

शेवटी ठरलं ते असं. शुक्रवारी नवऱ्याने मठात जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आणि फोन मोठ्या आवाजात चालू ठेवायचा. सासूबाईंनी हँगरमध्ये यंत्राचा खटका स्वतःच्या हाताने लावायचा. सून खोटी पडली तर राजीनामा.

शुक्रवारी हँगरच्या साहेबांची परवानगी मिळाली. गळ्यात पाहुण्यांचा पास अडकवून सासूबाई चार आसनी विमानात वैमानिकाच्या जागी, यंत्राच्या खटक्यासमोर, ऐटीत बसल्या. सुनेने नियंत्रण कक्षाला चाचणीची वर्दी दिली. “खटका वर करायचा, तीन हुंदके झाले की खाली. पाच मिनिटं संपली की हात लावायचा नाही.”

अकरा वाजले. फोनमधून बाबांचा आवाज आला, “ढगातल्या लेकरा, सुनेने नोकरी सोडावी का?”

सुनेने खूण केली. सासूबाईंनी खटक्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवलं. अकरा वाजून दोन झाले, तीन झाले.

“आई, करा ना वर.”

“थांब गं. मी गप्प बसल्यावर कोण बोलतं, ते बघू दे मला.”

फोनमध्ये बाबा खाकरले, पुन्हा खाकरले. चौथ्या मिनिटाला म्हणाले, “आज आत्म्याचा घसा बसलाय. पण माझ्या कानात तो आत्ताच बोलला. होकार आहे.”

सासूबाईंचा पारा चढला. “मेल्या, मी कधी हो म्हणाले?”

मठातली गर्दी फोनकडे वळली.

“आत्माच बोलतेय, विमानात बसून. आता नीट ऐक.” त्यांनी खटका वर केला. बाबांच्या आसनाखाली तीन हुंदके फुटले. खटका खाली आला, हुंदके थांबले. नवऱ्याने आसनाची फळी उचलली, तर आत दिवा लुकलुकणारा रेडिओ.

“हा आत्म्याचाच आहे,” बाबा चाचरत म्हणाले.

“मग त्याला बॅटरी कशाला लागते?” कुणीतरी विचारलं, आणि गोदामात हशा पिकला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. “खरंच कुणी पडलं असतं, तरी हाच आवाज आला असता ना गं?” त्यांनी विचारलं.

“हाच. फक्त थांबला नसता.”

“आणि आम्ही हात जोडून बसलो असतो.” त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. “ऐकताय ना सगळे? असा आवाज कानावर आला तर आधी घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटून गेली तरी तो चालूच असेल, तर विमानतळाला फोन लावा, कुणीतरी मदत मागतंय. आणि माझी सून नोकरी सोडणार नाही. तिने सोडली, तर त्या पडलेल्या माणसाची हाक बाहेर पोचते की नाही, हे बघणार कोण?”