ओली फरशी

वर्गाच्या दारातून आत टाकलेलं पहिलंच पाऊल घसरलं, तशी तिनं भिंत धरली. फरशी आजही ओली होती. सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते आणि सफाईवाल्या बाई तर दहाला यायच्या. आठ महिने रोज हेच चाललं होतं. कोण पुसतं, हे तिनं विचारलं नव्हतं. बाबांना काही विचारणंच तिनं सोडून दिलं होतं.

"सावकाश," कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

आज शेवटचा दिवस, हे ती घरून ठरवूनच आली होती. तास संपला की सगळ्यांसमोर कमरेचा काळा पट्टा सोडायचा आणि त्यांच्या पायाशी टाकायचा. बावीस वर्षं त्यांच्याकडून कराटे शिकली, तेवढं पुरे झालं.

पोस्टमन आला, दाताची डॉक्टरीण आली, शाळकरी बहिणी जांभया देत आल्या. सगळ्यांनी आपापले फोन बाहेरच्या खणात ठेवले. बाबांचा नियमच तसा होता. सरावाआधी वीस मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायचा. मध्ये ज्याचे डोळे उघडतील, त्यानं अख्खी फरशी एकट्यानं पुसायची. पकडायला कुणी नसायचं. ज्याचं त्यानं उठून फडका घ्यायचा.

"बसा," बाबा म्हणाले आणि सगळ्यांकडे पाठ करून चषकांच्या कपाटासमोर बसले.

ती पाठ पाहिली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आठ महिन्यांपूर्वी याच वीस मिनिटांत तिनं दवाखान्यातून त्यांना अकरा वेळा फोन लावला होता. आई दर वेळी विचारायची, "उचलला का गं?" शेवटी विचारायचीही थांबली. बाबा पोहोचले तेव्हा नर्स चादर सारखी करत होती. त्यावर या माणसानं आजवर एक शब्द काढला नव्हता. मिठाची गुळणी धरली ती धरलीच. आईचे दिवस झाल्यावर पुन्हा वर्ग सुरू केला आणि बदल काय, तर पूर्वी शिष्यांकडे तोंड करून बसायचे, ते पाठ करून बसू लागले. म्हणजे आता तोंडही दाखवायचं नाही.

चार आकड्यांत श्वास आत, सहात बाहेर. तिचा दोनावरच अडला. एवढी कसली शांती कमावलीत, म्हणून तिनं दात आवळले आणि मुद्दाम, ठरवून डोळे उघडले.

कपाटाच्या काचेत बाबांचा चेहरा दिसत होता. त्यांचे डोळे उघडे होते. मान खाली होती. काचेत, चषकांच्या खाली, त्यांच्या गुडघ्यापुढे फोन पडलेला होता. त्याचा पडदा विझला की ते बोटानं तो पुन्हा उजळवत होते आणि बघत होते.

वीस मिनिटं झाली तेव्हा फोन त्यांच्या खिशात गेला होता.

"मी डोळे उघडले," ती उठून म्हणाली.

पोस्टमननं चमकून पाहिलं. तिला कधी कुणी पुसताना पाहिलं नव्हतं. इतरांना व्हरांड्यात सरावाला पाठवून बाबा दारात थांबले. ती कोपऱ्यातल्या बादलीकडे गेली. दांडीवरचा फडका ओला होता, नुकताच पिळलेला. तिनं तो काढून हातात घेतला.

"रोज डोळे उघडता, म्हणून रोज पुसता?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"पुसून काही होत नाही, बाबा."

"माहीत आहे."

"अकरा वेळा लावला होता मी."

"माहीत आहे," ते म्हणाले.

तिचा राग जागचा हलला नव्हता. तिनं फडका बादलीत बुचकळला आणि पिळला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"उद्यापासून आमच्याकडे तोंड करून बसा."

"आणि फोन?"

"असू दे समोर. सगळ्यांना दिसू दे."

त्यांनी दांडीवरचा दुसरा फडका काढला आणि दाराकडून सुरुवात केली. ती कपाटापाशी गुडघ्यांवर बसली. पट्ट्याची लोंबणारी टोकं पाण्यात जात होती, ती तिनं कमरेला नीट खोचून घेतली.