आठ इंचांचा पाट

मी एक जुना पाट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट ऐकून डोळे पुसायची तयारी करू नका. मला दया नको. मला कोणाशी तरी भांडायचं आहे, आणि ते कोण ते पुढे कळेलच.

मी जेवायला बसायचा पाट. जन्म बडनेऱ्याचा, राहायला जयपूरला, सोडाला भागात. माझं लाकूड सागवानी आहे. पूर्वी ते रेल्वेच्या डब्यात बाकाची फळी म्हणून होतं. डबा मोडीत निघाला, फळ्यांचा लिलाव झाला आणि गुलाबरावांनी त्यातली एक विकत घेतली. गुलाबराव म्हणजे रेल्वेच्या डबे दुरुस्तीतले फिटर. त्यांच्या हातून हलकंफुलकं काही घडतच नाही. लोकांचे पाट दोन-तीन बोटं उंच असतात. यांनी मला जाडजूड पाय लावले आणि चांगलं आठ इंच उंच केलं. त्यांची बायको सुलोचना तेव्हा नवी नवरी होती. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा पाट आहे की पलंग?"

तिचं खरं होतं. पंगतीत माझ्यावर जो बसे तो सगळ्यांपेक्षा उंच दिसे आणि त्याचं ताट पार खाली जाई. दोन घास खाल्ले की तो हळूच उठून सतरंजीवर सरके. माझ्यावर बसायचं नाही म्हणून पोरं भांडत. मला काय वाटत असेल, कोणी विचारलं? पुढे यांची बदली जयपूरला झाली. सामानाबरोबर मीही आलो. घरात टेबल-खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. शेजारी एक फुटका पंखा आणि दोन रिकाम्या बरण्या. एकवीस वर्षं तिथे काढली. मी गप्प होतो, पण राग काही गिळला नव्हता.

माळ्यावरून मी उतरलो तो एका गुडघ्यामुळे.

सुलोचनाबाई आता सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांची धाकटी बहीण पार्वती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जवाहर नगरला मुलाकडे राहते. तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण तेव्हापासून तिच्या तोंडून हिंदी येईना. लहानपणची वऱ्हाडी बोली तेवढी राहिली. घरात सून हिंदी बोलणारी, नातवंडं जयपूरचीच. ती माणसं चांगली आहेत, तिचं सगळं करतात, पण तिचं निम्मं बोलणं त्यांना कळत नाही आणि पुन्हा पुन्हा सांगायचा तिला कंटाळा येतो. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी सुलोचनाबाई बसने जायच्या, तिची वेणी घालायच्या आणि दोघी तासभर वऱ्हाडीत बोलायच्या.

मग त्या मार्गावर नव्या बस आल्या. दिसायला चकाचक, पण पहिली पायरी रस्त्यापासून सोळा इंच. सुलोचनाबाईंचा गुडघा तेवढा उचलेना. एकदा चढताना त्या पडता पडता वाचल्या. त्यानंतर तीन आठवडे घरीच होत्या. आणि तिकडून पार्वतीच्या मुलाचा फोन आला, "मौसी, आई आता कोणाशीच बोलत नाही. वऱ्हाडीतसुद्धा नाही."

त्या दिवशी सुलोचनाबाईंनी गुलाबरावांना माळ्यावर चढवलं. "तो तुमचा पलंग काढा खाली."

गुलाबरावांनी मला पुसलं, कडेला भोक पाडलं आणि एक जाड दोरी बांधली. युक्ती अशी, की मला रस्त्यावर ठेवायचं, माझ्यावर पाय द्यायचा, मग बसच्या पायरीवर, आणि आत गेल्यावर दोरीने मला वर ओढून घ्यायचं. पहिल्या दिवशी सगळी बस हसली. ड्रायव्हर ओरडला, "माताजी, ये क्या तमाशा है?" सुलोचनाबाई म्हणाल्या, "तमाशा तुम्हारी पायरी का है, भैया." पायरी हा शब्द त्याला कळला की नाही कोण जाणे, आवाज मात्र कळला. बाईंच्या मागून काठीवाले एक आजोबा माझ्यावरून चढले. मग एक पोटुशी बाई. त्यांच्या मागून कडेवर लेकरू घेतलेली एक जण. चाळीस वर्षं कोणालाच नको असलेली माझी उंची त्या दिवशी चार जणांना हवीशी झाली. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

आम्ही जवाहर नगरला पोचलो तेव्हा पार्वतीने तोंड भिंतीकडे केलेलं होतं. सुलोचनाबाई पलंगाशी बसल्या आणि तिचे केस विंचरायला लागल्या. वेणी अर्धी झाली तेव्हा पार्वती म्हणाली, "आली काय वं बाई? मले वाटलं, आता नाई येत तू."

"कशी नाई येत? पाट घेऊन आली," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि दोघी रडल्या.

सुलोचनाबाईंचा मुलगा परेश जयपुरातच, वैशाली नगरला राहतो. त्याला हे कळलं तेव्हा तो चिडला. "आई, लोक काय म्हणतील? पाट घेऊन फिरतेस! मतलब, मी कॅब करून देतो ना." त्याने दोनदा करूनही दिली. तिसऱ्या वेळी त्याचा फोन लागला नाही आणि बाई साडी नेसून दोन तास बसून राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "बाळा, तुझ्या कॅबने गेले तर कधी जायचं ते तू ठरवणार. बसने गेले तर मी."

त्याच सुमाराला वर्तमानपत्रात सूचना आली. शहराच्या वाहतूक सल्लागार समितीला नागरिक सदस्य हवे होते. मानधन नाही, स्वतःहून काम करायचं. सुलोचनाबाईंनी अर्ज भरला. 'विशेष अनुभव' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बस में चढ़ना.' आणि काय सांगू, त्यांची निवड झाली! समितीला एक ज्येष्ठ महिला हवीच होती, फोटोपुरती. हे मला तेव्हा कळलं नाही. बाईंना पहिल्याच बैठकीत कळलं.

पहिल्या बैठकीत त्यांनी पायरीचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "माताजी, आपकी बात नोट कर ली गई है." दुसऱ्या बैठकीत पुन्हा सांगितलं, पुन्हा नोट झालं. मग घरी बैठकीचा लेखी अहवाल आला. त्यात छापलं होतं, 'ज्येष्ठ सदस्येने नव्या बसबद्दल समाधान व्यक्त केले.' अहो, समाधान! बाईंनी तो कागद हातात घेतला आणि स्वयंपाकघरात असं काही पातेलं आपटलं की मी दाराशी होतो तिथून हललो.

गुलाबराव म्हणाले, "तक्रार सांगू नकोस. माप सांग. तक्रारीला साहेब लोक मान हलवतात. मापाला उत्तर द्यावं लागतं." रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस. पट्टी घेतली, पेन्सिल कानावर लावली, मला बगलेत मारलं आणि निघाला. सोडाल्यापासून जवाहर नगरपर्यंत एकोणीस थांबे. प्रत्येक थांब्यावर ते उभे राहिले आणि दहा-दहा बस मोजल्या. लिहायला वही नेली नव्हती. मला उलटं केलं आणि माझ्या पोटावर लिहिलं. एका थांब्याला एक ओळ.

मित्रांनो, आता मुद्द्याचं ऐका. गुलाबरावांनी पायरी मोजली, सोळा इंच. मग थांब्यासमोरचा पदपथ मोजला, आठ इंच. त्यांनी पुन्हा मोजला. मग मला त्या पदपथाशेजारी ठेवलं आणि आमच्या दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही अगदी सारखे होतो. जे काम मी दोरी बांधून घेऊन करत होतो, तेच काम करायला प्रत्येक थांब्यावर दगडाचा एक माझ्याएवढाच उंच गडी आधीपासून उभा होता! फक्त बस त्याच्याजवळ येत नव्हती. पुढ्यात मोटारसायकली, नारळाची गाडी, कोणाची तरी उभी कार. बस थांबायची भर रस्त्यात. एकशे नव्वद बसपैकी सात पदपथाला लागल्या होत्या.

तिसऱ्या बैठकीला बाई मला घेऊन गेल्या. दारावरचा रखवालदार म्हणाला, "अंदर कुर्सियाँ हैं, माताजी."

"बसायला नाही आणला," बाई मराठीतच म्हणाल्या आणि आत शिरल्या. मला त्या चकचकीत टेबलावर उलटं ठेवलं. माझे चारही पाय वर. लाज वाटली, पण पोटावरचे आकडे सगळ्यांना दिसत होते. बाईंनी एकोणीसच्या एकोणीस ओळी वाचून दाखवल्या.

मग अध्यक्षांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "फार सुंदर कल्पना! प्रत्येक बसमध्ये असा एक पाट ठेवू या." टाळ्या वाजल्या. कोणीतरी मला सुलटं केलं आणि माझा फोटो काढला. माझ्यासारखे शेकडो पाट बनणार, प्रत्येक बसमध्ये माझा एक भाऊ! पंगतीतून उठवलेल्या पाटाला याहून मोठा मान कुठला? मी मनातल्या मनात नाचत होतो.

बाई म्हणाल्या, "नाही."

त्या रागावल्या की त्यांची हिंदी थेट बडनेऱ्याला पोचते. त्या म्हणाल्या, "ये पाट मेरी अडचण है, साहेब. मेरी अडचण को तुम सरकारी करने निकले? पाट कौन उठाएगा? कौन रखेगा? चार दिन में हरवेगा. फुटपाथ है ना वहाँ? बस को उसके पास लाओ."

अध्यक्ष म्हणाले, समितीचा निर्णय पटत नसेल तर राजीनामा देता येतो.

"राजीनामा?" बाई म्हणाल्या. "मी अर्ज करून आलेय. फुकट काम करतेय. पुढच्या बैठकीला येणार, त्याच्या पुढच्यालाही येणार. आणि अहवालात लिहा, सुलोचना सदस्येने समाधान व्यक्त केले नाही. लिहून होईपर्यंत मी इथे उभी आहे." आणि त्या उभ्याच राहिल्या, दुखऱ्या गुडघ्यावर. अहवाल तयार करणाऱ्या बाबूने शेवटी ते लिहिलं.

मला तेव्हा बाईंचा राग आला होता, कबूल करतो. माझे शेकडो भाऊ एका शब्दात गेले. पण बाहेर पडताना समितीतल्या तरुण इंजिनिअर अमिता मागून धावत आल्या. त्यांनी मला बाईंच्या हातून घेतलं, जिन्यावर उलटं केलं आणि सगळे आकडे आपल्या डायरीत उतरवून घेतले. म्हणाल्या, "मी एका थांब्यापासून सुरुवात करून बघते." घरी जाताना मी विचार केला. माझ्यासारखे शेकडो बनले असते, तर शेकडो गुडघे कायमचे पाटाच्याच भरवशावर राहिले असते. असला मान काय करायचा?

दोन महिने लागले. पण सोडाल्याच्या थांब्यासमोरच्या मोटारसायकली हलल्या, नारळवाला चार पावलं पुढे सरकला, रस्त्यावर पिवळा पट्टा आला. एका मंगळवारी बस वळली आणि पदपथाला खेटून उभी राहिली. बाईंनी सवयीने मला खाली ठेवायला दोरी सोडली. मग थांबल्या. पायरी बघितली. मला बगलेत मारलं आणि पाय उचलला. एका पावलात वर!

मागून काठीवाले आजोबा चढले. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

पण जवाहर नगरला बस पुन्हा भर रस्त्यात थांबली आणि दोरी पुन्हा सुटली. पार्वतीने विचारलं, "अजून पाट आनतच हायेस काय वं?" बाई म्हणाल्या, "एक झाला. अठरा राह्यले." पार्वती वाकड्या ओठांनी हसली. "मंग सोडू नको त्यायले."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसलं काही सांगणार नाही. मला खुशाल विसरा. एकोणिसाव्या थांब्यावर बस पदपथाला लागली की मला पुन्हा माळ्यावर टाका, त्या फुटक्या पंख्याशेजारी. मी आनंदाने पडून राहीन. तोवर मात्र मला कोणी हात लावायचा नाही. गुरुवारी समितीची बैठक आहे. बाई जाणार आहेत, आणि मी त्यांच्या बगलेत असणार आहे.