नाववालीचे अश्रू

दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. आमच्या गावच्या संग्रहालयात इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. अण्णा होते तेव्हा शाळेची एखादी सहल येणार असली, तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

"रडतेय! खरंच रडतेय!" आतून ओरडा आला आणि रांग पुढे रेटली गेली.

रडत होती ती नाववाली, एका जुन्या नावेच्या टोकावरची लाकडी बाई. कित्येक शतकं ती नदीच्या गाळात पडून होती. पूल झाला तेव्हा पलीकडच्या गावाने ती आम्हाला भेट दिली, त्याच नावेच्या एका मोडक्या वल्ह्यासकट. माझे वडील, अण्णा, इथले संग्रहपाल. त्यांचं सगळं आयुष्य तिला जपण्यात गेलं. ते वारले, आणि थोड्याच दिवसांत तिच्या डोळ्यांतून थेंब ओघळू लागले.

शेजारच्या मावशीने माझं मनगट धरलं. "बघ गं, लाकूड रडतंय तुझ्या बापासाठी. आणि तू आपली कोरडी ठणठणीत."

त्या दिवसांत चहाने जीभ पोळली तरी मला कळत नव्हतं.

आत मूर्तीशेजारी मौनी महाराज उभे होते. हे नाव त्यांना कुणी दिलं कोण जाणे, तोंडाला क्षणाची उसंत नव्हती.

"माय म्हणते, माझा राखणदार गेला! माय म्हणते, मला पाण्याची ओढ लागली! रविवारी तिला नदीत सोडायचं. इथे नवी बसवायची. तयार आहे, अस्सल फायबरची! कीड नाही, वाळवी नाही!"

"आणि खाली तुमच्या नावाची पाटी," मागून शिंपी म्हणाला. "तीपण फायबरचीच का हो?"

लोक हसले. मग मूर्तीकडे पाहून त्यांनी घाईघाईने हात जोडले.

संग्रहालय समितीचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "आम्हाला तरी कुठे हौस आहे? दिलेली वस्तू नदीत सोडली तर पलीकडचे लोक काय म्हणतील, ही धाकधूक आहेच. पण गाव ऐकायला तयार नाही. अण्णांची मुलगी म्हणून तुम्ही होकार दिलात, तर सगळं सुरळीत होईल."

एक होकार, आणि अण्णांनी आयुष्यभर जपलेली बाई रविवारी नदीच्या तळाशी.

मी खोलीभर नजर फिरवली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मूर्तीच्या पायाशी सुगंधी पाण्याची वाफाळती घंगाळं. श्वास घ्यायला जड जात होतं. कोपऱ्यात हवेतली ओल ओढणारं यंत्र गप्प उभं होतं.

"हे बंद का?"

"त्याची घरघर मायला सोसत नाही," महाराजांचा शिष्य म्हणाला.

मी यंत्राची टाकी ओढून पाहिली. काठोकाठ भरलेली. टाकी भरली की ते आपोआप थांबतं. अण्णा ती रोज सकाळी रिकामी करायचे; ते गेल्यावर कुणीच केली नव्हती. म्हणजे शिष्याने प्लग काढण्याआधीच यंत्र थांबलेलं होतं.

मी स्टुलावर चढले आणि कपाटावरचं वल्हं खाली घेतलं. माझे हात ओले झाले. वल्हं महाराजांसमोर टेबलावर ठेवून मी विचारलं, "हे कुणासाठी रडतंय, महाराज?"

"नावाड्यासाठी!" कुणीतरी ओरडलं आणि खसखस पिकली.

"माय रडते म्हणून लेकरू रडतं!" महाराजांनी हात उंचावले.

"मग तिची कोपरं का रडतात? काखेत बघा. गुडघ्यामागे बघा."

शिंप्याने मोबाइलचा उजेड पाडला. "अहो, हिला तर घाम फुटलाय!"

मग मी सांगितलं. इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड वाळलं की आकसतं, तडकतं. म्हणून त्यात पाण्याच्या जागी एक खास, पाण्यात विरघळणारं मेण मुरवतात. ते मेण दमट हवेतली ओल ओढून घेतं आणि थेंबाथेंबाने पाझरतं. डोळ्यांच्या खोबणीत थेंब साठतात, म्हणून ते दिसतात. नदीत सोडली तर मेण विरघळून जाईल आणि बाईचा भुसा होईल.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणाले. "तिला पुसून घ्या. घंगाळं बाहेर काढा, टाकी रिकामी करून यंत्र चालू करा. दाराला दोन कुलपं लावा, एक महाराजांचं, एक शिंपीकाकांचं. उद्या उघडून बघा."

दुसऱ्या दिवशी महाराज आले नाहीत. शिष्य पडेल चेहऱ्याने किल्ली घेऊन आला. दार उघडलं. नाववालीचे डोळे कोरडे होते. गाल, कोपरं, वल्हं, सगळं कोरडं. टाकी मात्र भरलेली.

"हे पाणी कुठलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"काल इथे उभं राहून आपण सगळ्यांनी सोडलेल्या श्वासांचं. आणि घंगाळांचं. गर्दी वाढली की ती जास्त रडायची, ती यामुळे."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे ती त्याच्यासाठी रडत नव्हती?"

"नाही, मावशी."

मग मी सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पलीकडच्या लोकांनी आपल्याला चमत्कार दिला नव्हता, जपायला एक वस्तू दिली होती. जपणं कंटाळवाणं असतं. रोज टाकी ओतायची, दमटपणा बघायचा, हात लावायचा नाही. कुठे पाणी दिसलं तर हात जोडण्याआधी ते कुठून आलं हे शोधायचं. एवढी बुद्धी आपल्या सगळ्यांना आहे, ती वापरा. फायबरची बाहेर अंगणात बसवा, पोरं चढोत तिच्या खांद्यावर. ही इथेच राहू दे."

अध्यक्षांनी रविवारचा कार्यक्रम रद्द केला आणि टाकीसाठी पाळ्या लावल्या. पहिली पाळी मावशीने मागून घेतली.

तिने टाकी बाहेर काढली आणि थेंबही न सांडता, दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली.

"हे कुठे ओतू गं? एखाद्या झाडाला घालू?"

"मोरीत ओत, मावशी," मी म्हणाले.