गालावरची तीट

अलकाने चार फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडले, पुन्हा गोळा केले आणि पुन्हा मांडले. समोर नाशिकहून राहायला आलेल्या तिच्या सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. जुडीतली माती एका फोटोवर पडली, तशी तिने ती चटकन फुंकून टाकली.

"स्थळं आलीत वाटतं," शैलाताई म्हणाल्या. "कुणासाठी गं?"

"स्थळंच म्हणायची, आई. एका देशाला नवरदेव हवाय."

थट्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती. इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या एका लहानशा सल्लागार कंपनीत अलका हेच काम करायची. परदेशातल्या कुठल्या पक्षात राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी कुणाला मिळेल, कोण किती पाण्यात आहे, याचा अभ्यास करून गिऱ्हाइकाला सांगायचं. पुण्यात तिच्या आत्याने जन्मभर दुसरं काय केलं होतं? मुलगा काय करतो, घरचे कसे आहेत, व्यसन आहे का, आजारपण लपवलंय का. आत्या ते फुकट करायची आणि अलकाला त्याचा पगार मिळायचा, एवढाच काय तो फरक.

यावेळचा देश आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा होता, नकाशात बोटाखाली झाकला जाईल एवढा. तिथले म्हातारे राष्ट्राध्यक्ष पुढच्या वर्षी पायउतार होणार होते. सत्ताधारी पक्षाने ज्याला उमेदवारी द्यायची, तोच गादीवर बसायचा. खरी नावं घरी घ्यायची नाहीत असा कंपनीचा नियम, म्हणून घरात या उमेदवारांना टोपणनावं पडली होती. अलकाने ती बोटांवर मोजून दाखवली: रेल्वेवाला, वकील, कर्नल, मास्तर आणि आणखी दोघं.

"म्हणजे सहा झाले की. दोन कुठे गेले?" शैलाताईंनी विचारलं.

"वारले."

अलकाने सांगून टाकलं. इतके दिवस ती हे कुणापाशी बोलली नव्हती. वसंतात तिने गिऱ्हाइकाला सांगितलं, रेल्वेवाला सगळ्यांत पुढे आहे. महिन्याभरात त्याची मोटार पुलावरून खाली गेली. उन्हाळ्यात तिने वकिलाचं नाव घेतलं. तो लहानपणापासून समुद्रात पोहणारा माणूस, आणि बुडाला तो गुडघाभर पाण्यात. तिचे साहेब, मिस्टर पेंबरी, म्हणाले होते, "दुर्दैव. तिकडचे रस्ते तसे आणि समुद्रही तसाच." अलकाने मान डोलावली होती. पण तेव्हापासून तिला दुपारचा डबा जात नव्हता.

"ज्याला मी पहिला म्हणते तो जातो, आई."

शैलाताईंचा हात थांबला. "दृष्ट लागते गं. चारचौघांत एकालाच चांगला म्हटलं की लागतेच."

"दृष्ट कसली! कुणीतरी मारतंय त्यांना."

"मग मी काय वेगळं म्हणते?"

बाहेर नोव्हेंबरची दुपार होती आणि धुक्यात समोरचा गोल चौकसुद्धा दिसत नव्हता. मोटारी नुसत्याच आवाजाने वळत होत्या.

"आता पहिला कोण आहे?"

अलकाने शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. हे मास्तर. सप्टेंबरात ते लंडनला आले होते, तेव्हा कॅमडेनच्या एका गेस्ट हाउसमध्ये ती त्यांना भेटली होती. त्यांनी संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं आणि साली स्वतःच्या खिशात ठेवल्या, कारण खोलीत केराची टोपली नव्हती. मुलीबद्दल बोलले, शाळेबद्दल बोलले, उमेदवारीबद्दल मात्र विचारल्याशिवाय एक शब्द काढला नाही. परतीच्या ट्रेनमध्ये अलकाला वाटलं होतं, आपल्याला मत असतं तर आपण यांनाच दिलं असतं. माणूस तिच्या मनात भरला होता.

"मग याला पहिला म्हणू नकोस. सोपं आहे."

"मी नाही म्हटलं तरी लोक म्हणतातच, आई. गिऱ्हाइकाच्या कानावर जाणारच."

"अगं, मग काहीतरी व्यंग लाव त्याला. बाळाला तीट लावतो ती कशाला? बघणाऱ्याची नजर तिथेच अडावी म्हणून. आमचा श्रीकांत एवढा गोरापान होता, मी शेंगदाण्याएवढी तीट लावायची."

"म्हणूनच अजून कुणाची नजर पडली नाही माझ्यावर!" बाहेरच्या खोलीतून अलकाचा नवरा ओरडला.

अलका हसली. हसता हसताच उठली आणि सासूबाईंची काजळाची डबी घेऊन आली. शैलाताई बघत होत्या. तिने करंगळीचं टोक काजळात बुडवलं आणि मास्तरांच्या डाव्या गालावर एक ठिपका लावला. तो फोटोत असा काही बसला, की जन्मापासून तिथेच असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. उंच, शिडशिडीत गोरा माणूस. अंगातला कोट काढत नसे, हातमोजे काढत नसे, समोरचा चहा थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघतही नसे. तो कुणाचा माणूस आहे हे कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची पद्धत नव्हती. त्याने कधी काही लिहून घेतलं नाही. बैठक संपली की पहिल्या नंबरचा फोटो उचलायचा, रुमालात गुंडाळायचा आणि खिशात ठेवायचा. रेल्वेवाला असाच गेला होता, वकीलही असाच.

"पहिला?" त्याने विचारलं.

"कर्नल," अलका म्हणाली.

कर्नल तिला मुळीच आवडत नसे. त्याच्या छावणीत गेलेली माणसं परत येत नसत. तरी आपण कुणावर बोट ठेवतोय हे तिला नीट कळत होतं.

माणसाचा हात कर्नलच्या फोटोकडे गेला आणि मध्येच थांबला. "आणि शिक्षक? लोकांना तो फार आवडतो म्हणे."

"आवडतो. पण त्याचं हृदय खराब आहे. लंडनला त्यासाठीच आला होता. डॉक्टरांनी एक वर्ष दिलंय, जास्त नाही."

थाप इतकी सहज निघाली, की क्षणभर तिला स्वतःलाच ती खरी वाटली. मिस्टर पेंबरींनी चमकून तिच्याकडे पाहिलं, पण गिऱ्हाइकासमोर बोलले नाहीत.

माणूस वाकला. मास्तरांच्या गालावरून त्याने बोट फिरवलं. काजळ फिस्कटलं नाही.

"हे काय?"

"तीळ."

"मागच्या वेळी नव्हता."

अलकाने कर्नलचा फोटो त्याच्याकडे सरकवला. त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. "वर्ष," तो स्वतःशी म्हणाला. मग रुमाल काढला आणि मास्तरांचा फोटो त्यात गुंडाळला.

"अहो, पण ते पहिले नाहीत!" अलका जवळजवळ ओरडली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

तो गेल्याबरोबर तिने कॅमडेनला फोन लावला. मास्तर महिन्यापूर्वीच मायदेशी गेले होते. तिकडचा नंबर लागेना. लागला तेव्हा पलीकडे नुसती घरघर, आणि त्या घरघरीत कुणीतरी शांतपणे ऐकत असल्यासारखं वाटलं. सगळा हिवाळा ती रोज सकाळी पेपर उघडायची तो शेवटच्या पानापासून. मेल्याची बातमी आधी दिसावी म्हणून.

ती बातमी आलीच नाही. फेब्रुवारीत टीव्हीवर आली ती दुसरीच. पक्षाने उमेदवारी एकमताने मास्तरांना दिली होती.

"अलका, धावत ये! तुझा मास्तर!" श्रीकांत ओरडला. "आता तरी पेढे आण, बये!"

ती हात न पुसताच आली. केवढा जमाव! गल्लीगल्लीत मास्तरांचं चित्र लावलेलं होतं. फोटो तोच होता. डाव्या गालावरचा ठिपका आता ताटलीएवढा झाला होता. पुढे उभ्या असलेल्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी, कडेवरच्या पोरांनी आपापल्या डाव्या गालावर काळा ठिपका लावला होता. ते सगळे गाल एकदम कॅमेऱ्याकडे वळले तेव्हा अलकाच्या अंगावर काटा आला. मागे व्यासपीठावर मास्तर एक हात छातीवर ठेवून उभे होते. त्यांचा गाल कोरा होता.

"बघ, माझी तीट लागू पडली की नाही?" शैलाताई म्हणाल्या.

अलकाने सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडली. सुटले बाई, असं तिला झालं. मास्तर जिवंत होते. मेला तो कर्नलसुद्धा जिवंत होता. त्या दिवसापासून तिचा डबा पुन्हा रिकामा येऊ लागला.

जूनमध्ये मास्तर निवडून आले. शैलाताई तोवर नाशिकला परत गेल्या होत्या. मास्तरांनी शाळा उघडल्या आणि छावण्या बंद केल्या. अलकाने त्यांच्याबद्दल जे जे आलं ते अभिमानाने वाचलं. आपण लावून दिलेलं लग्न छान चाललंय म्हणून आत्या मिरवायची, तशी ती मनात मिरवत होती.

पुन्हा धुकं पडू लागलं तेव्हा तो माणूस आला. वेळ न ठरवता आला आणि तिच्याच टेबलापाशी येऊन बसला. मिस्टर पेंबरी बाहेर होते.

"आभार मानायचे राहिले होते," तो म्हणाला. "आमच्याकडे दोन गट पडले होते. कुणाचंच जमेना. काही महिने गादी सांभाळील आणि मग आपण होऊन वाट मोकळी करील असा माणूस सगळ्यांना हवा होता. तो तुम्ही दिलात."

"ते आता बरे असतील," अलका म्हणाली. "हृदय सुधारतं कधीकधी. डॉक्टर चुकतात."

"डॉक्टर चुकतात," तो सौम्यपणे म्हणाला. "तुम्ही अजून चुकलेल्या नाहीत."

"मी खोटं सांगितलं होतं!" ती म्हणाली. आवाज चढला होता, पण आजूबाजूच्या एकाही टेबलावरून कुणी मान वळवली नाही. "त्यांना काहीही झालेलं नाही. ते धडधाकट आहेत. ऐकताय ना?"

तो ऐकत होता. पण तिने हवापाण्याबद्दल काहीतरी म्हटलं असावं, असा त्याचा चेहरा होता. त्याने खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला आणि सावकाश उलगडला.

"वर्ष याच महिन्यात भरतं ना?" त्याने विचारलं.

तोच फोटो होता, कोपरा दुमडलेला. डावा गाल मात्र कुणीतरी स्वच्छ पुसून काढला होता.